हिंदी गाण्यांचे गोवेकर अरेंजर

हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतात तो ढोबळमानाने १९४८ ते १९६८ या वीस वर्षांचा. या गाण्यांची चर्चा निघाली की गायक, संगीतकार आणि गीतकार या तिघांची नावे घेतली जातात. गाण्याच्या सुरुवातीचा व्हायोलिनचा झोत, दोन कडव्यांमधला ॲकॉर्डियनचा तुकडा, गायिकेच्या ओळीमागून हलकेच सरकत जाणारी दुसरी सुरावट हे मात्र अनेकदा चौथ्याच माणसाने कागदावर उतरवलेले असे. त्याला स्टुडिओत 'अरेंजर' म्हणत. मुंबईच्या अरेंजरांमध्ये आणि व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांमध्ये गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा भरणा होता.

बोलपटाच्या आरंभी अशा माणसाची गरज नव्हती. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. त्यात सात गाणी होती. नट-नटी स्वतःच गात आणि त्यांचे गाणे चित्रीकरणाबरोबरच मुद्रित होई. साथीला पेटी, तबला, एखादी सारंगी किंवा व्हायोलिन. ते वादकही कॅमेऱ्याच्या नजरेआड, झाडामागे नाहीतर पडद्यामागे दडून बसत. तेवढ्यांना चाल तोंडी सांगितली की भागत असे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव'मध्ये गाणे आधी मुद्रित करून घ्यायचे आणि नटाने नंतर त्यावर ओठ हलवायचे, अशी पद्धत वापरली. त्या चित्रपटाचे संगीत रायचंद बोराल यांचे होते. पार्श्वगायनाचे श्रेय देताना एरवी गायकांच्या सोयीबद्दलच बोलले जाते, पण त्याचा मोठा लाभ वादकांना झाला. वाद्यवृंद कॅमेऱ्यापासून सुटला, आणि चार वादकांच्या जागी चाळीस बसवायला काही अडचण उरली नाही.

पुढच्या पंधरा वर्षांत वादकांची संख्या खरोखरच वाढत गेली. नौशाद यांनी १९५२ च्या 'आन'साठी शंभर वादकांचा ताफा बसवला, असे सांगितले जाते. शंकर-जयकिशन यांच्या ध्वनिमुद्रणाला व्हायोलिनवाल्यांच्याच रांगा लागत. यातून एक पेच उभा राहिला. बहुतेक संगीतकार हिंदुस्थानी संगीतात किंवा लोकसंगीतात वाढलेले, चाल पेटीवर बांधणारे आणि कानाने शिकवणारे. चाळीस जणांना एकेक तुकडा तोंडी पाठ करून घ्यायचा तर एका गाण्याला आठवडा लागेल. शिवाय सगळ्यांनी एकच सुरावट वाजवायची तर इतके लोक बसवायचे तरी कशाला? प्रत्येकाने वेगळे काही वाजवावे आणि ते एकमेकांत बसावे, यासाठी पाश्चात्त्य पद्धतीची लिखित स्वरलिपी आणि स्वरसंवादाचे ज्ञान लागत होते. मुंबईत ही विद्या ज्यांच्याकडे होती त्यात गोवेकर पुढे होते.

त्याचे कारण गोव्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडून गावोगाव पॅरिश शाळा चालत. चर्चच्या गायनवृंदाला गाणारी मुले आणि मिस्साला वाजवणारे व्हायोलिनवादक हवे असत, म्हणून या शाळांतून स्वरलिपी वाचायला, तिच्यावरून गायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. गरिबाघरच्या पोरालाही ही विद्या मिळे. तिच्या जोरावर तो गाव सोडून बाहेर पोट भरू शके, आणि तसे बाहेर पडणारेही पुष्कळ निघाले. संस्थानिकांचे बँड, लष्करी बँड, हॉटेलांतले नाचाचे बँड आणि मूकपटाच्या काळात पडद्याखाली बसून वाजवणारे ताफे, सगळीकडे गोव्याची माणसे दिसत. मुंबईत आलेल्या गोवेकराला उतरायला धोबी तलाव, माझगाव भागात त्याच्या गावाची 'कूड', म्हणजे गावकऱ्यांची सामाईक राहण्याची जागा, असे. कोणत्या बँडला ट्रम्पेटवाला हवा आहे, ही बातमी तिथे लागलीच कळे.

चित्रपटांकडे हे वादक काही हौसेने वळले नाहीत. त्यांना जॅझ वाजवायचे होते, आणि ताजमहाल हॉटेलात किंवा हिल स्टेशनांवर ते वाजवायला मिळतही होते. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. इंग्रज ग्राहक गेले. मुंबई इलाख्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या नाचगाण्याच्या रात्री ओसरल्या. फाळणीने लाहोरचीही तीच गत केली. तिथला चित्रपटधंदा मोडला आणि हॉटेलांतले बँडवाले भारताच्या वाटेला लागले. सबॅस्टियन डिसोझा त्यांपैकीच एक. याच सुमारास मुंबईच्या स्टुडिओंना वाचून वाजवणारे वादक हवे होते.

त्याच वर्षांत गाणारे आवाजही बदलत होते. कुंदनलाल सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी गेले. नूरजहाँ फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या. गुलाम हैदर यांनी १९४८ च्या 'मजबूर'मध्ये लता मंगेशकर यांना पुढे आणले, आणि १९४९ मध्ये 'महल', 'अंदाज', 'बरसात' लागोपाठ आले. 'महल'च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, कामिनीचे नाव छापलेले होते. पार्श्वगायिकेला स्वतःचे नाव मिळायलाही तेव्हा झगडावे लागे. मोहम्मद रफी, मुकेश, तलत महमूद, मन्ना डे, हेमंतकुमार, गीता दत्त, आशा भोसले हे सारे आवाज या दहा वर्षांत आपापल्या जागी स्थिरावले. हे मायक्रोफोनचे गायक होते. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची त्यांना गरज नव्हती. तलत यांच्या आवाजातली ती बारीक थरथर रंगमंचावर हरवलीच असती. आवाज असा नाजूक झाल्यावर त्यामागचे संगीतही तोलूनमापून हवे होते. कोठे भरायचे आणि कोठे मोकळे सोडायचे, हे ठरवणारा माणूस त्यामुळे महत्त्वाचा ठरला.

गाणे तयार होई ते साधारण असे. दिग्दर्शक प्रसंग सांगे. संगीतकार आणि गीतकार म्युझिक रूममध्ये बसत, आणि कधी चाल आधी तर कधी शब्द आधी ठरत. चाल पक्की झाली की अरेंजर ती ऐकून स्वरलिपीत उतरवी आणि पुढचे काम हाती घेई. सुरुवातीचा तुकडा, मुखडा आणि अंतरा यांमधले इंटरल्यूड, ओळी संपतात तिथले लहान 'फिलर', गायनाच्या मागून जाणारी प्रतिसुरावट, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. कोणते तुकडे संगीतकाराने सुचवलेले आणि कोणते अरेंजरने रचलेले, हे संगीतकारागणिक आणि गाण्यागणिक बदले. काही संगीतकार इंटरल्यूडचा सूर न् सूर स्वतः सांगत, तर काहींचे काम मुखडा-अंतऱ्याची चाल देऊन संपे. अशा गाण्याचा कर्ता कोण, हा प्रश्न म्हणूनच अवघड आहे, आणि त्याचे सरसकट उत्तर देणाऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नये.

अरेंजरपुढची खरी अडचण सांगीतिक होती. पाश्चात्त्य स्वरसंवादात एका सुराखाली दोन-तीन सूर उभे करून त्यांचा गुच्छ बांधतात. रागसंगीतात सूर एकटा चालतो, मींडेने घसरतो, आंदोलन घेतो. यमनातल्या एखाद्या ओळीखाली जाडजूड गुच्छ लावले तर रागाचा चेहराच पुसला जातो. मुंबईच्या अरेंजरांनी यावर जो तोडगा काढला तो ऐकून ओळखता येतो. गाण्याच्या ओळीखाली ते गुच्छ फार रचत नसत. एक दुसरीच सुरावट तिच्या अंगाने चालवत. गायक लांब सूर धरून थांबला की ती हलते, आणि तो हलला की ती स्थिर होते. दोन्ही सुरावटी आडव्या वाहत असल्याने रागाला धक्का लागत नाही आणि गाणे भरल्यासारखे वाटते. सबॅस्टियन डिसोझा या प्रकारातले उस्ताद मानले जातात. १९५२ पासून १९७५ पर्यंत त्यांनी मुख्यतः ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी काम केले. या दोन घराण्यांचे संगीत एकमेकांपासून किती वेगळे! नय्यर मोजक्या वाद्यांत, ठसठशीत ठेक्यावर गाणे उभे करत आणि लताबाईंकडून त्यांनी एकही गाणे गाऊन घेतले नाही. शंकर-जयकिशन यांच्याकडे व्हायोलिनचा समुद्र आणि मध्यभागी बहुधा लताबाईच. दोन्हीकडे एकच अरेंजर असूनही एकाची छाप दुसऱ्यावर पडली नाही, हे डिसोझांचे मोठेपण. मालकाच्या मनातले संगीत त्याच्यापेक्षा चांगले लिहून देणे, हे त्यांचे काम होते.

अँथनी गोन्साल्विस यांचा पिंड वेगळा होता. १९२७ साली सालसेत तालुक्यातल्या माजोर्डा गावी त्यांचा जन्म झाला. विशीच्या आतच ते मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढे अरेंजर झाले. हिंदुस्थानी संगीताची त्यांना मनापासून ओढ होती आणि राग सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी लिहायचे त्यांचे स्वप्न होते. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. स्टुडिओंतल्याच वादकांना एकत्र आणून त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. कार्यक्रम गाजला, तरी हा वाद्यवृंद फार काळ चालला नाही. साठच्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेला गेले. परतल्यावर ते चित्रपटांच्या वाटेला गेले नाहीत आणि माजोर्ड्यातच राहिले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्यांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल शर्मा होते. याच जोडीचे संगीत असलेल्या १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चनच्या पात्राचे पूर्ण नाव अँथनी गोन्साल्विस ठेवले गेले, ते या गुरूसाठी. देशभर तोंडी झालेले हे नाव कुणा खऱ्या माणसाचे आहे, याची बहुतेक प्रेक्षकांना कल्पनाही नव्हती. गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले.

तिसरे नाव चिक चॉकलेट. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६ चा, गाव बार्देशातले हळदोणे. ट्रम्पेट हातात घेऊन अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगात वाजवणारा हा बँडवाला मुंबईच्या हॉटेलांत प्रसिद्ध होता. त्याचे आणि सी. रामचंद्र यांचे चांगले जमले. रामचंद्र नरहर चितळकर मूळचे अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकून ते मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवादक झाले होते. रागदारी पक्की आणि कान मात्र सगळ्या दिशांना उघडे, असा हा संगीतकार. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी पाश्चात्त्य ढंगाचे खोडकर गाणे देऊन धमाल उडवली. १९५१ च्या 'अलबेला'त भगवान पालव यांच्यासाठी 'चितळकर' या नावाने ते स्वतः गायले आणि ब्रास वाद्ये, बोंगो, क्लॅरिनेट यांची रेलचेल केली. चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. स्टुडिओतला वादक असा चेहऱ्यानिशी प्रेक्षकांसमोर येण्याचे प्रसंग विरळाच. याच रामचंद्रांनी दोनच वर्षांनी 'अनारकली'त निव्वळ चालीच्या गोडव्यावर तोललेली गाणी दिली. 'अलबेला'ची आतषबाजी आणि 'अनारकली'चा संयम एकाच हातचा आहे, यावर विश्वास बसणे जड जाते.

ट्रम्पेटवादक आणि अरेंजर फ्रँक फर्नांड यांनी चित्रपटांतली कमाई कोंकणी चित्रपटांकडे वळवली. त्यांनी १९६३ मध्ये 'आमचें नशीब' आणि १९६६ मध्ये 'निर्मोण' काढला. 'निर्मोण'वरून पुढे हिंदीत 'तकदीर' हा चित्रपट झाला. गोव्याचे योगदान ख्रिस्ती वादकांपुरते नव्हते. 'धूल का फूल'चे संगीतकार एन. दत्ता, म्हणजे दत्ता नाईक, गोव्याचेच. शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक दत्ताराम वाडकर यांचाही जन्म गोव्यातला. ढोलकीवरचा त्यांचा एक खास ठेका वादकांत 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो. १९५८ च्या 'परवरिश'मध्ये त्यांनी स्वतः संगीत दिले, तेव्हा मुकेश यांच्या गाण्यात तो ठळक ऐकू येतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यात एका बाजूने दत्तारामांचा ठेका आणि दुसऱ्या बाजूने डिसोझांचे व्हायोलिन, अशी दोन गोवेकरांची जोडी चाले.

वाद्यवृंदात अर्थात सारा देश होता. पारशी घरांतून कावस लॉर्ड, त्यांचे पुत्र केर्सी लॉर्ड आणि ॲकॉर्डियनवाले गुडी सीरवई आले. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन कलकत्त्याहून आला. मदनमोहन यांच्या गाण्यांत सतार वाजवली ती रईस खान यांनी. सारंगीला राम नारायण होते. शिवकुमार शर्मा यांचे संतूर चित्रपटात पहिल्यांदा वाजले ते वसंत देसाई यांनी संगीत दिलेल्या १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये. नागाच्या पुंगीचा जो सूर १९५४ च्या 'नागिन'मुळे घरोघरी पोचला, तो पुंगीचा नव्हताच. कल्याणजी यांनी तो क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर काढला होता. आजही पुंगी म्हटले की बहुतेकांच्या कानात तोच वाजतो. स्टुडिओत एका बाजूला स्टँडवर कागद लावून बसलेले वाचणारे वादक आणि दुसऱ्या बाजूला सरगम टिपून घेणारे किंवा नुसतेच ऐकून वाजवणारे ढोलकी, सतार, सारंगीवाले असत. दोघांना एका मात्रेवर आणणे ही अरेंजरची दुसरी कसोटी.

प्रत्यक्ष मुद्रण एका दमात होई. गायक, चाळीस-पन्नास वादक, कोरस सगळे एकाच वेळी, आणि ध्वनिमुद्रण एकाच मार्गिकेवर. नंतर एखादे वाद्य हलके करू, गायकाची चुकलेली ओळ तेवढी बदलू, ही सोय नव्हती. तीन मिनिटे सगळे नीट जाऊन शेवटच्या आवर्तनात कुणाचा गज घसरला तर पुन्हा पहिल्यापासून. एका मुद्रणासाठी दिवसच्या दिवस तालीम चाले त्याचे कारण हेच. वाद्यांचा तोल माइकपासूनच्या अंतरावर राखला जाई, म्हणून ट्रम्पेट दूर भिंतीशी आणि बासरी जवळ. ताडदेवच्या फेमस स्टुडिओतले मिनू कात्रक यांच्यासारखे ध्वनिमुद्रक कुणी कुठे बसायचे हे ठरवत, तेव्हा ते एका अर्थी गाण्याची रचनाच करत. 'महल'च्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येतो, त्यासाठी आपण खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मधल्या माइकपर्यंत चालत आलो, असे लता मंगेशकर यांनी सांगितले आहे.

या गाण्यांची लांबीही यंत्रानेच ठरवली. ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि मधले दोन इंटरल्यूड हा साचा त्या मापात बसला. पन्नास सेकंदांची आलापी किंवा मिनिटभराचे प्रास्ताविक परवडत नसे, म्हणून अरेंजरला पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच गाण्याचा स्वभाव सांगावा लागे. जुने गाणे पहिल्या दोन सुरांतच ओळखणारे श्रोते असतात, त्यांना ओळख पटते ती बहुधा याच तुकड्यामुळे. गायक तर अजून तोंडही उघडत नाही.

रेडिओने हे तुकडे घरोघर नेले, पण सरळ मार्गाने नव्हे. १९५२ मध्ये नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीताचे भोक्ते असलेल्या या मराठी मंत्र्यांना चित्रपटगीते हिणकस वाटत. पाश्चात्त्य वाद्यांचा मारा हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता, म्हणजे रोख गोवेकरांच्याच कामावर. आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' तिथून सुरू झाली. दर बुधवारी संध्याकाळी देशभर तिचे श्रोते रेडिओभोवती जमू लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला माघार घ्यावी लागली. केसकरांचा शास्त्रीय संगीतावरचा जीव खोटा नव्हता आणि आकाशवाणीच्या शास्त्रीय कार्यक्रमांना त्यांचे बळ मिळाले, पण चित्रपटगीतात राग कसे मुरलेले आहेत हे ऐकण्याची तयारी त्यांनी दाखवली नाही. १९५२ च्याच 'बैजू बावरा'त तर द. वि. पलुस्कर आणि अमीर खाँ हे शास्त्रीय गायक एकत्र गायले होते.

रेडिओवर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावे सांगितली जात. अरेंजर आणि वादक यांची नाहीत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत फार तर 'साहाय्यक' म्हणून एखादे नाव येई. वादकांना मुद्रणाच्या पाळीमागे ठरलेला मोबदला मिळे आणि तिथे हिशेब संपे. गाणे पुढे कितीही वर्षे वाजले तरी त्यांचा त्यावर हक्क नसे. रॉयल्टीवरून साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात मतभेद झाले. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले आणि ते १९६७ च्या सुमारास पुन्हा एकत्र आले. हा वाद वर्तमानपत्रांत गाजला. पण तो गायकांच्या हक्काचा होता, आणि वादकांचा प्रश्न कुणी त्यात ओढला नाही. वादकांच्या आठवणी सविस्तर नोंदल्या गेल्या त्या खूप उशिरा. संगीतसंशोधक ग्रेगरी बूथ यांनी अनेकांच्या मुलाखती घेऊन लिहिलेले 'बिहाइंड द कर्टन' २००८ मध्ये आले, तोपर्यंत डिसोझांच्या पिढीतले बरेच जण हयात नव्हते.

याच वाद्यवृंदातून पुढची संगीतकारांची पिढी निघाली. 'नागिन'ची पुंगी वाजवणारे कल्याणजी बंधू आनंदजींसह संगीतकार झाले. मेंडोलिनवाले लक्ष्मीकांत आणि व्हायोलिनवाले प्यारेलाल यांची जोडी १९६३ च्या 'पारसमणि'ने पुढे आली. वाद्यवृंदासाठी लिहायचे कसे हे प्यारेलाल यांनी गोन्साल्विसांकडून घेतले होते, त्यामुळे अरेंजर आणि संगीतकार ही दोन कामे त्यांच्यात एकत्र झाली. सत्तरच्या दशकात अनेक मार्गिकांचे मुद्रण रुळू लागले. वाद्ये वेगवेगळी मुद्रित करून नंतर जुळवता येऊ लागली आणि सगळ्यांनी एकत्र बसण्याची निकड कमी झाली. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला आणि व्हायोलिनच्या रांगांचे काम एका कळफलकावर भागू लागले. सबॅस्टियन डिसोझा त्याआधीच, १९७५ च्या सुमारास, स्टुडिओतून निवृत्त झाले होते. ज्यांना काम मिळेना ते लग्नसमारंभांत, हॉटेलांत वाजवू लागले, काही गोव्याला परतले आणि पुन्हा मिस्साला व्हायोलिन धरू लागले.